वजनाचा जमाखर्च : ताट, तालीम आणि तारतम्य

कृष्णा-पंचगंगेच्या संगमालगत वसलेले कुरुंदवाड हे शिरोळ तालुक्यातील पटवर्धनांचे जुने संस्थानी गाव. घाट, मंदिरे, ऊस आणि बाजारपेठ ही त्याची जुनी ओळख. २०१४ साली या ओळखीत एक नवी भर पडली. ग्लासगो येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत या एकाच गावच्या तीन भारोत्तोलकांनी कांस्यपदके मिळवली. गणेश माळी यांनी ५६ किलो गटात १११ आणि १३३ असे एकूण २४४ किलो उचलले. ओंकार ओतारी यांनी ६९ किलो गटात २९६ किलो, तर चंद्रकांत माळी यांनी ९४ किलो गटात ३३८ किलो वजन उचलले. एवढ्याशा गावाला एका स्पर्धेत तीन पदके, ही गोष्ट मोठमोठ्या शहरांनाही हेवा वाटावा अशीच होती.

या आकड्यांत व्यापारी घरातील वाचकाने टिपून ठेवावी अशी एक बाब आहे. छप्पन्न किलोच्या गटातील तरुण आपल्या वजनाच्या सव्वादोन पटींहून अधिक भार डोक्यावर नेतो. भारोत्तोलनात स्पर्धेपूर्वी दोन तास आधी खेळाडूचे वजन घेण्यास सुरुवात होते. गटाची मर्यादा ओलांडली तर खेळता येत नाही आणि मर्यादेत बसण्यासाठी ताकद गमावली तर खेळून उपयोग नाही. त्यामुळे या खेळाडूपुढे प्रश्न नुसते वजन घटवण्याचा नसतो. स्नायू व ताकद राखून केवळ अनावश्यक चरबी कशी घटवावी, हा खरा प्रश्न असतो. गादीवर बसणाऱ्या गृहस्थापुढे आणि लग्नाच्या तयारीत असलेल्या मुलीपुढेही नेमका हाच प्रश्न आहे. फरक एवढाच, की खेळाडूजवळ तो सोडवून देणारा प्रशिक्षक असतो, घरात मात्र ज्याचा त्याने अंदाज बांधलेला असतो.

दोन टोके

पहिले टोक म्हणजे ताट निम्मे आणि व्यायाम दुप्पट. वजन उतरवायचे ठरले की सकाळचा नाश्ता बंद, भाकरी बंद, रात्रीचे काही नाही. त्याच दिवसापासून व्यायामशाळेत दीड-दोन तासांचा घाम. पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो आणि सर्वांना आनंद होतो. दुसऱ्या महिन्यात काटा थांबतो, चेहरा ओढतो, केस गळू लागतात, चिडचिड वाढते. तिसऱ्या महिन्यात सारे सुटते आणि गेलेले वजन व्याजासह परत येते.

दुसरे टोक याच्या उलट. सकाळी पाऊण तास चालून आलेला गृहस्थ ‘आज व्यायाम झाला आहे’ म्हणून नि:शंक मनाने फरसाणाची वाटी पुढे ओढतो. चौऱ्याऐंशी किलो वजनाच्या माणसाला पाऊण तास झपाझप चालण्यासाठी विश्रांतीपेक्षा सुमारे २०० उष्मांक, म्हणजे कॅलरी, अधिक लागतात. पन्नास ग्रॅम फरसाणात अडीचशेच्या पुढे उष्मांक असतात. भाजीत पडलेले एक मोठा चमचा तेल सुमारे १२० उष्मांक देते. म्हणजे कमाईपेक्षा उधळपट्टी अधिक. व्यायामशाळेतील धावपट्टीच्या यंत्रावर दिसणारा आकडाही बहुधा फुगलेला असतो; त्याच्या भरवशावर ताट वाढवणे म्हणजे न वटलेल्या धनादेशावर खरेदी करण्यासारखे आहे.

शरीराची खतावणी

व्यापाऱ्याला हिशेब शिकवावा लागत नाही. फक्त खाती कोणती ते सांगावे लागते. शरीरात शक्तीची तीन खाती आहेत. यकृतात व स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, ही गल्ल्यातील रोकड. ती सारी मिळून सुमारे अर्धा किलो भरते. चरबी ही मुदत ठेव. अडीनडीसाठी राखलेली, मोडायला थोडा वेळ घेणारी. स्नायू ही दुकानातील यंत्रसामग्री. रोजचा व्यवहार तिच्यावरच चालतो.

आवक कमी करून जावक वाढवली की पहिल्यांदा गल्ला रिकामा होतो. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते; तेही निघून जाते. पहिल्या आठवड्यातील दोन किलोंचे रहस्य मुख्यतः यातच आहे. ती चरबी नव्हे. एक किलो शारीरिक चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात, हे ध्यानी घेतले तर आठवड्यात तीन किलो चरबी उतरणे बहुतेकांना का अशक्य आहे हे साध्या भागाकाराने कळते. त्यानंतर ठेव मोडण्याची वेळ येते. येथे तूट बेताची असेल, प्रथिने पुरेशी असतील आणि स्नायूंना काम दिले जात असेल तर शरीर मुख्यतः चरबी वापरते. तूट अवाजवी असेल तर ते ठेवीबरोबर यंत्रेही विकायला काढते. काटा तरीही खालीच जातो, म्हणून विक्री कशाची चालली आहे हे मालकाला समजत नाही.

विश्रांतीत असलेल्या शरीराचा रोजचा खर्च काढण्याचे एक रूढ सूत्र आहे. किलोतील वजनाला १० ने आणि सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने गुणून बेरीज करावी. त्यातून वयाची पाचपट वजा करावी. पुरुषासाठी त्यात ५ मिळवावेत, स्त्रीसाठी १६१ वजा करावेत. समजा, एका दुकानदाराचे वय ४२, वजन ८४ किलो व उंची १६८ सेंटिमीटर आहे. त्याचा विश्रांतीचा खर्च १,६८५ उष्मांक येतो. बैठ्या कामासाठी तो १.२ ने गुणला की दिवसाचा खर्च सुमारे २,०२० होतो. त्याने रोज १,६०० उष्मांकांचा आहार घेतला आणि व्यायामात २०० खर्च केले, तर तूट ६२० ची. आठवड्याला अर्ध्या किलोहून किंचित अधिक चरबी उतरेल. वेग संथ वाटेल, पण वर्षाच्या ताळेबंदात तोच नफ्याचा ठरतो. जसजसे वजन उतरते तसतसा शरीराचा खर्चही घटतो, म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी हे गणित पुन्हा मांडावे लागते.

प्रयोगांचा दाखला

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांवर एक प्रसिद्ध प्रयोग केला. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,५७० उष्मांकांचे अन्न देण्यात आले आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे सक्तीचे होते. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण विश्रांतीचा ऊर्जाखर्चही सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. नाडी मंदावली, थंडी सोसेना, उदासी आली आणि मनात दिवसरात्र अन्नाचाच विचार राहू लागला. बंधन उठल्यावर कितीही खाल्ले तरी कित्येकांची भूक शमेना. आज अनेक आहारपत्रकांत मोठ्या माणसांना याहूनही कमी, १,००० ते १,२०० उष्मांक लिहून दिलेले असतात आणि वर कठोर व्यायामही सांगितलेला असतो, याचा विचार व्हावा.

नॉर्वेमधील २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निवडक खेळाडूंचे दोन गट केले होते. एकाने आठवड्याला वजनाच्या ०.७ टक्के या गतीने, तर दुसऱ्याने १.४ टक्के या गतीने वजन घटवले. दोघांनीही ताकदीचा व्यायाम चालू ठेवला. संथ गटाची चरबी घटून स्नायूंचे वजन सुमारे दोन टक्क्यांनी वाढले. घाईच्या गटाला ते वाढवता आले नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात स्थूल तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी उष्मांक देऊन आठवड्यातून सहा दिवस कठोर व्यायाम करवला. ज्यांना प्रथिने दुप्पट मिळाली त्यांची चरबी सरासरी ४.८ किलोंनी घटली आणि स्नायू १.२ किलोंनी वाढले. इतरांची चरबी ३.५ किलोंनी घटली व स्नायू जेमतेम टिकले. तूट मोठी असूनही ताटातील प्रथिनांनी आणि भार उचलण्याने यंत्रसामग्री वाचवली. अर्थात तो प्रयोग तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि केवळ चार आठवड्यांपुरता होता. घरी अनुकरण करण्याजोगा नव्हे.

लग्नाआधीचे सहा महिने

या विषयाची सर्वांत नाजूक बाजू आपल्या घरातील मुलींशी निगडित आहे. स्थळे येऊ लागली की ‘मुलगी थोडी अंगाने आहे’ हे वाक्य कोणीतरी सहज बोलून जाते आणि सहा महिन्यांत दहा किलोंचा संकल्प सुटतो. समजा, चोवीस वर्षांच्या एका मुलीचे वजन ६२ किलो व उंची १५८ सेंटिमीटर आहे. तिच्या शरीरात चरबी सोडून उरलेले वजन सुमारे ४३ किलो. ती १,२०० उष्मांक खाते आणि व्यायामशाळेत ४०० खर्च करते. हृदय, मेंदू, हाडे, संप्रेरके या साऱ्या घरखर्चासाठी उरतात ८००. म्हणजे चरबीविरहित वजनाच्या किलोमागे १९ हूनही कमी. क्रीडावैद्यकशास्त्रात स्त्रियांच्या बाबतीत हा आकडा ३० च्या खाली दीर्घकाळ राहणे धोक्याचे मानतात.

असे झाले की शरीर काटकसर सुरू करते आणि पहिली कात्री ‘आज नसले तरी चालेल’ अशा खर्चांना लावते. मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. हाडांची भर कमी होते. आणि हाडांचा आयुष्यभराचा साठा साधारण तिशीपर्यंतच होत असतो. प्रतिकारशक्ती मंदावते, झोप बिघडते, लहानसहान दुखापती बऱ्या होत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन ती स्त्री-पुरुष दोघांनाही होते हे स्पष्ट केले. घरात मात्र ‘वजन उतरते आहे ना, मग ठीक आहे’ असे म्हणून पाळी थांबल्याची गोष्ट आईपासूनही लपवली जाते.

याच मुलीने १,७०० उष्मांक खाल्ले आणि तेवढाच व्यायाम केला, तर किलोमागे ३० चा आकडा राखला जातो. व्यायाम धरून तिचा दिवसाचा खर्च २,१०० च्या आसपास असल्याने सुमारे ४०० ची तूटही राहते. सहा महिन्यांत दहा नाही, पण सात-आठ किलो उतरू शकतील आणि ती ताकदीने, प्रसन्न मुखाने मांडवात उभी राहील. वधूची प्रकृती ही दोन्ही घरांची ठेव आहे. मोजमाप करणाऱ्यांनी काट्याबरोबर तीही मोजावी.

स्पर्धकांचे आणखी एक तंत्र घरात येऊ नये. वजन घेण्याच्या आदल्या रात्री पाणी तोडून, घाम गाळून गटात बसण्याचा तो प्रकार. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट यांचे ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी १०० ग्रॅम वजन अधिक भरले आणि त्या अपात्र ठरल्या. ज्यांच्या दिमतीला वैद्यकीय पथक असते त्यांच्याही हातून हा डाव सुटू शकतो. याउलट खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला फ्लायवेट गटात खेळले व सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत वरच्या बँटमवेट गटात खेळून त्यांनी कांस्यपदक मिळवले. कमी वजन म्हणजे अधिक यश असा नियम नाही. चरबी जाळण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोळ्यांपासूनही दूर राहावे. एकेकाळी भूक मारण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सिब्युट्रामाइन या औषधावर हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंदी आली, तरी अशा भेसळीचे प्रकार जगभर आढळत राहिले आहेत.

आपले स्वयंपाकघर

अंडी व मांस वर्ज्य, कंदमुळे वर्ज्य, सूर्यास्तानंतर आहार नाही. या मर्यादेत कठोर व्यायाम कसा झेपावा, असा प्रश्न तरुण पिढी विचारते. अडचण ताटापेक्षा वेळापत्रकाची अधिक आहे. पाच-सहा वाजता जेवण, रात्री साडेआठला दुकान बंद आणि नऊ वाजता व्यायामशाळा, असा क्रम असेल तर तालमीनंतर शरीराच्या दुरुस्तीसाठी सकाळपर्यंत काहीच मिळत नाही. चौविहार पाळणाऱ्याने कठोर व्यायाम सकाळीच उरकावा आणि त्यानंतर तासाभरात भरपेट, प्रथिनयुक्त न्याहारी घ्यावी. रात्री फार तर संथ फेरी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम व ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. उष्मांक घटवून व्यायाम वाढवणाऱ्याने मात्र वजनाच्या किलोमागे किमान १.२ ग्रॅम धरावीत. वर उल्लेखिलेल्या मुलीला म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम. त्यासाठी दिवसभरात १०० ग्रॅम डाळ-कडधान्य (कच्चे मोजून), अर्धा लिटर गाईचे दूध किंवा त्याचे दही-ताक, ६० ग्रॅम पनीर, २५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या आणि १५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी एवढे पुरते. यातून सुमारे ७९ ग्रॅम प्रथिने व १,४०० उष्मांक मिळतात. उरलेल्या तीनशेत चार चहाचे चमचे तेल-तूप, भरपूर दोडका, भोपळा, भेंडी, कोबी आणि एक फळ सहज बसते. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरात सकाळी मूग-मटकी आणि दुपारी भाकरी-ताक अशी वाटणी करावी. यात कोठेही उपासमार नाही. बाजूला झाले ते तळण, साखर आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या होणारे चरणे.

उपवास, एकाशन, आयंबिल हे तपाचे विषय आहेत. त्यांना वजन घटवण्याचे साधन बनवू नये आणि त्या दिवशी कठोर व्यायामही करू नये. पर्युषण वा दशलक्षणाच्या काळात तालीम हलकी ठेवल्याने काही बिघडत नाही. बाह्य तपांत अनशनानंतर लगेच अवमौदर्य येते. जुन्या ग्रंथांत पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा व स्त्रीचा २८ घासांचा धरून त्याहून उणे जेवण्यास हे नाव दिले आहे. तपाचा हेतू वेगळा असला तरी पोट तडस लागेपर्यंत न भरता ताटावरून उठण्याची ही सवय गृहस्थालाही रोज पाळण्याजोगी आहे.

किती व्यायाम, कसे मोजमाप

आठवड्यातून दोन-तीन दिवस भार उचलण्याचा किंवा जोर-बैठकांचा व्यायाम, एक-दोन दिवस थोडा वेळ दम लागेल असा वेगवान व्यायाम, बाकीचे दिवस चालणे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती, एवढे गृहस्थाला पुरेसे आहे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी आधी वैद्यांना दाखवावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आहार व व्यायाम एकदम बदलल्यास साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. वाढत्या वयाची मुले, गर्भवती व स्तनदा माता यांनी तुटीचे गणित स्वतःहून मांडूच नये.

काट्यावर रोज चढून दुःखी होण्यापेक्षा आठवड्यातील सरासरी पाहावी. त्याहून महत्त्वाची मोजपट्टी कंबरेची. भारतीयांत पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असा संकेत आहे. कंबर उतरते आहे, उचलण्याचा भार टिकून आहे, झोप शांत आहे, मुलींची पाळी नियमित आहे, तर काटा आठवडाभर हलला नाही तरी हिशेब बरोबर चालला आहे असे समजावे. काटा उतरतो आहे पण जिने चढताना धाप लागते, थंडी वाजते, चिडचिड होते, पाळी चुकते, तर त्याच दिवशी ताट वाढवावे, व्यायाम उतरवावा आणि वैद्यांना गाठावे.

दुकानाची तूट भरून काढण्यासाठी तराजू विकणारा व्यापारी शहाणा म्हटला जात नाही. शरीराच्या बाबतीतही तेच. महिन्याला दोन किलो, तेही चरबीचेच आणि परत न येणारे, एवढी उतार घरच्या ताटावर आणि ठराविक व्यायामावर साधते. त्याहून घाईचा सौदा पुढे आला, तर तो करण्यापूर्वी विकले काय जाणार आहे, हे आधी विचारावे.